शाळेत न रमणाऱ्या मुलीला शाळेवरचं कोणतं पुस्तक द्यावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याहून लातूरला बदली झाली, मुलगी आठवीत आहे, जूनपासून नव्या शाळेत जाते. सकाळी पोट दुखतं म्हणते, रविवारी संध्याकाळी गप्प होते. तिच्या बोलण्यावरून वर्गात 'मुंबईची' म्हणून हसतात, एवढं एकदाच तिच्या तोंडून निसटलं. वाचायची आवड आहे, पण बहुतेक इंग्रजीच वाचते. म्हणून शाळेतल्या मुलांच्या आयुष्यावरची मराठी पुस्तकं तुम्हाला हवी आहेत, म्हणजे तिला शाळेची गोडी लागेल.

नावं देतेच, पण त्याआधी तुमच्या 'गोडी' या शब्दाबद्दल थोडं बोलते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी २४ वर्षं ग्रंथपाल आहे. ऑफ तासाला वर्ग माझ्याकडे येतो, मधल्या सुट्टीत देवघेव चालते, आणि आठवड्यातून एकदा नववीचा वाचन तास मी घेते. इतक्या वर्षांत शाळेवरचं पुस्तक वाचून एखाद्या मुलाला शाळा आवडायला लागली, असं मला एकदाही दिसलेलं नाही. दुसरं काहीतरी घडताना मात्र पुष्कळदा दिसलं. जे मूल महिना महिना काही सांगत नव्हतं, ते पुस्तकातल्या मुलाच्या आडून आपलं सांगायला लागलं. 'त्या पोराला मारतात ना बाई, तसं आमच्या वर्गात पण आहे.' हे वाक्य मी वेगवेगळ्या मुलांकडून ऐकलं आहे. तुमच्या मुलीला आज याचीच गरज आहे, असं मला वाटतं. शाळेबद्दल चार वाक्यं बोलता येतील, इतपत आडोसा तिला मिळाला पाहिजे.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वाचन तासाला मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' कादंबरीतली तीन-चार पानं मोठ्यानं वाचली. त्यात मुलांची आपसातली नावं आहेत, सुऱ्या, चित्र्या, फावड्या. वर्ग खूप हसला. मग मी सगळ्यांना वहीच्या पानाची चिठ्ठी करायला सांगितली. वर्गात तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतात आणि ते तुम्हाला आवडतं का, एवढंच लिहा, स्वतःचं नाव घालू नका. चाळीसेक चिठ्ठ्या आल्या. काही गमतीच्या होत्या, काहींमध्ये रंगावरून, जाडीवरून, बापाच्या धंद्यावरून पडलेली नावं होती आणि पुढे एकच शब्द, 'नाही'. एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मला टोपणनाव नाही. मला कोण हाकच मारत नाही.' मी अक्षर ओळखलं, कारण देवघेवीच्या वहीत रोज तीच सही असायची. ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत पुस्तक बदलायला यायची. मी समजत होते की तिला वाचनाचं वेड आहे. खरं म्हणजे डबा खायला तिच्याबरोबर कोणी नव्हतं. त्या एका पानामुळे मला हे कळलं. मी वर्गशिक्षिकेशी बोलले, आणि तिनं त्या मुलीची बसायची जागा बदलली. दिवाळीनंतर ती मुलगी रोज यायची बंद झाली, आठवड्यातून एकदाच येऊ लागली, आणि मला बरं वाटलं.

पुढचं सांगताना काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील. मुलगी फक्त नवखी म्हणून बुजली असेल तर वेगळं. तिला कोणी ठरवून त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, मोबाईलवर काही पाठवत असेल, तर पुस्तकांच्या नादात एक दिवसही घालवू नका. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्यात कोण आहे ते शाळेत विचारा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही घरात लिहून ठेवा. पोट खरंच दुखत असण्याचीही शक्यता आहे, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. तिचं मराठी वाचन किती सरावाचं आहे, यावरही बरंच ठरेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलीला मराठी बोलता छान येतं, पण तीनशे पानांचं मराठी पुस्तक पाहून ती दचकते. तिला ते आवडणार नाही असं नाही, फक्त डोळ्याला सवय नसते. अशा मुलांना मी आधी पहिली काही पानं वाचून दाखवते. कानाला ओळख झाली की डोळा आपोआप पुढं सरकतो.

आता पुस्तकं. तुमच्या मुलीसाठी माझ्या हातात सगळ्यात आधी येईल ते प्रकाश नारायण संत यांचं 'वनवास'. ही लंपन नावाच्या मुलाच्या कथांची मालिका आहे. वनवास, शारदा संगीत, पंखा आणि झुंबर असे चार संग्रह आहेत, पहिला १९९४ सालचा. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. गाव कर्नाटकाच्या सीमेकडचं, तिथल्या मराठीत कन्नड मिसळलेलं. म्हणजे घर सुटलेलं, गाव नवं आणि भाषेचा सूर वेगळा. तुमची मुलगी आज जिथं उभी आहे ती हीच जागा. पण लेखक कुठंही 'बिचारा लंपन' म्हणत नाही. लंपन शाळेत जातो, मैदानावर धावतो, सुमी नावाच्या मैत्रिणीबद्दल त्याला काहीतरी वाटतं आणि ते काय ते त्याला सांगता येत नाही. आपल्याला जे नीट कळत नाही त्याला तो 'म्याड' म्हणून मोकळा होतो. या पुस्तकातलं एकटेपण मोठ्या आवाजात येत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर, रस्त्यानं एकट्यानं चालताना ते हळूच येतं. म्हणून मुलांना ते ओळखीचं वाटतं.

आमच्याकडच्या 'वनवास'च्या प्रतीची बांधणी दोनदा करून घ्यावी लागली आहे. मागच्या तारखांच्या कागदावर दुसरा कागद चिकटवला, तोही भरत आला. पण एक सांगायला हवं, ते वाचायला सोपं नाही. वाक्यं लांब आहेत, लंपनचं मन एका गोष्टीवरून दुसरीवर उड्या मारतं, आणि पहिली दहा पानं मुलं चाचपडतात. म्हणून ते हातात देऊन मोकळ्या होऊ नका. पहिली कथा तुम्ही वाचून दाखवा, रोज रात्री पाच-सहा पानं. आठवीतली मुलगी 'मी काय लहान आहे का' म्हणेल. म्हणू दे. दिवा बारीक करून वाचा, ती ऐकते.

'शाळा' ही कादंबरी २००४ साली आली, आणि पुढे तिच्यावर सिनेमाही निघाला. शाळेवरचं मराठी पुस्तक म्हटलं की आज हेच नाव पहिलं निघतं, तुम्हालाही उत्तरांत ते पुष्कळांनी सुचवलं असेल. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, त्याला आवडणारी वर्गातली मुलगी शिरोडकर. पुस्तक उत्तम आहे. वर्गातली कुजबुज, शिक्षकांची मुलांनी केलेली पारख, घरी एक आणि शाळेत एक असं जगणं, इतकं खरं मराठीत क्वचित आलं आहे. वर्गात मुलगे मुलींना आडनावानं ओळखतात, ही एकच गोष्ट घेतली तरी ज्यानं ते वय जगलंय त्याला क्षणात बाकावर नेऊन बसवते. तरीही आठवीतल्या, नव्या शाळेत बुजलेल्या मुलीच्या हातात मी ते पहिलं पुस्तक म्हणून देणार नाही. मुलं मुलींबद्दल आपसात जसं बोलतात तसंच त्यात येतं, शिव्यांसकट. पुस्तकात ते असायलाच हवं. पण आधीच वर्गातल्या मुलांना घाबरणाऱ्या मुलीला ते वाचून धीर येईल की भीती वाढेल, हे तुम्हीच ठरवू शकता, कारण तिला तुम्ही ओळखता. शिवाय ती सगळी गोष्ट मुकुंदच्या डोळ्यांनी दिसते. शिरोडकरला काय वाटत होतं, हे आपल्याला त्याच्याएवढंच कळतं. आमच्या नववीतल्या एका मुलीनं पुस्तक परत करताना मला विचारलं होतं, 'बाई, हीच गोष्ट शिरोडकरनं सांगितलेली कुठं मिळंल?' मी तिला काही काढून देऊ शकले नाही. दहावीच्या सुट्टीत वाचायला हे पुस्तक तुमच्या मुलीसाठी ठेवून द्या.

तिसरं पुस्तक पूर्ण देऊ नका, त्यातली पन्नास-साठ पानं द्या. आनंद यादव यांचं 'झोंबी', १९८७ सालचं आत्मकथन, ज्याला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोल्हापूरजवळच्या कागलचा हा मुलगा. बापानं शाळेतून काढून मळ्यावर जुंपलेला. त्याला शाळेत परत जायचंय. मायलेक गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीरावांकडे जातात, ते बापाला बोलावून खडसावतात, आणि बाप कबूल होतो, पण अटी घालून. दिवस उगवल्यापासून अकरापर्यंत मळ्यात काम, मग शाळा, आणि शाळा सुटल्यावर गुरं चारायची. एवढं झगडून तो पोरगा वर्गात जातो, तर तिथं काय? बरोबरची मुलं पुढच्या इयत्तेत गेलेली, वर्गात सगळी नवी आणि वयानं लहान, आणि त्याच्या कपड्यांवरून टिंगल. ज्या शाळेसाठी जीव टाकला तिथं पहिल्या दिवशी त्याला परकं वाटतं. हे पान वाचताना वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असते.

त्याच्या पुढची पानं मला जास्त महत्त्वाची वाटतात. हा मुलगा वर्गातल्या एका हुशार मुलाकडे बघून बघून शिकतो, त्याच्यासारखी पुस्तकांना कव्हरं घालतो, त्याच्यासारखा बसतो, त्याच्यासारखी गणितं सोडवतो. हळूहळू दोघं बरोबर काम करायला लागतात. मग मराठीचे सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात, आणि पोरगा मळ्यात पाणी पाजताना त्याच कविता म्हणत राहतो, स्वतः जुळवायला लागतो. कागद-पेन्सिल जवळ नसली की काठीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. परकेपण कसं गेलं हे लेखक कुठं समजावून सांगत नाही, पण ते जाताना आपल्याला दिसतं. आधी एक मित्र, मग एक मास्तर, मग एक आवड. तुमच्या मुलीनं सीबीएसईच्या मोठ्या मुलांकडून 'जूझ' नावाचा हिंदी धडा ऐकला असेल, तो याच पुस्तकातला भाग आहे.

ही पानं मी गेली दहा-बारा वर्षं वाचते आहे. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या वर्गातले तीन-चार बाक रिकामे पडतात. एका वर्षी असाच एक मुलगा फेब्रुवारीत परत आला. तासाला हे वाचून झाल्यावर सगळे गेले तरी तो थांबला आणि म्हणाला, 'बाई, ह्यो तर माज्यावानीच हाय की. पुस्तक न्हिऊ का?' रोज सहा पानं वाचतो म्हणाला, कारण संध्याकाळी लाईट नसते. परीक्षेआधी त्यानं पुस्तक संपवलं. पानांना वैरणीचा वास येत होता.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. असाच एक मुलगा होता, ज्या समाजावर पिढ्यानपिढ्या गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला त्या समाजातला. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' हे आत्मकथन मी त्याच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं. त्यात लहान लक्ष्मण शाळेत जायला लागतो, तेव्हा वस्तीत मुलं आजारी पडतात आणि लोक त्याचा दोष त्याच्या शाळेला देतात. शाळेत जाणं हेच जिथं धाडस आहे, असं ते जग आहे. मला वाटलं, या मुलाला हे वाचून बळ येईल. मधल्या सुट्टीत देवघेवीची रांग होती. त्याची पाळी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'हे घे, तुझ्यासाठी खास ठेवलंय.' मागच्या मुलानं मुखपृष्ठ वाचलं आणि दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दोन दिवसांनी पुस्तक शिपायाबरोबर परत आलं, आणि तो मुलगा त्या वर्षी पुन्हा ग्रंथालयात आला नाही. दहावीनंतर तो कुठं गेला मला माहीत नाही. पुस्तक योग्य होतं, देणारीही त्याच्या बाजूची होती, पण मी त्याचं घर चारचौघांत त्याच्या हातात ठेवलं होतं. तेव्हापासून कोणत्याही मुलाला 'हे तुझ्यासारख्यावर आहे' असं मी म्हणत नाही. पाच पुस्तकं मांडते, त्यात ते एक असतं. उचलायचं की नाही हे मूल ठरवतं.

ताई, म्हणून तुम्हीही मुलीला 'यात तुझ्यासारखीच मुलगी आहे' असं सांगू नका. तिला कळेल. नाही कळलं तर कळू नये अशी तिची इच्छा आहे असं समजा.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर 'वनवास' तुम्ही वाचून दाखवायचं, 'झोंबी'तली शाळेत परत जाण्याची पानं ती एकटी वाचू शकेल, 'शाळा' नंतर. आता जे पुस्तक सांगते ते तुम्हा दोघींचं आहे, आणि या सगळ्या उत्तरात मला सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे ते याबद्दलच.

उर्मिला पवार यांचं 'आयदान', २००३ सालचं आत्मकथन. लेखिका रत्नागिरीकडच्या. वडील लवकर गेले, आई बांबूची सुपं-टोपल्या विणून मुलांना शिकवते. आयदान म्हणजे तीच बांबूची भांडी. लहानपणी लेखिकेला शाळेत जायला नको वाटायचं. प्राथमिक शाळेत मास्तरांनी तिला शेण काढायला सांगितलं, तिनं माझी पाळी नाही म्हटलं, तर मारलं. पोरगी रडत घरी आली. आई विणत बसली होती. ते मास्तर त्याच रस्त्यानं जाताना आईनं त्यांना अडवलं आणि माझ्या पोरीनं काय केलं होतं म्हणून तुम्ही मारलंत, असा जाब विचारला. मी विधवा बाई इथं बसून राबते ते पोरांनी शिकावं म्हणून, आणि तुम्ही माझ्या पोरीला असं वागवता, या अर्थाचं ती बोलली. पुन्हा हात लावलात तर या रस्त्यानं कसे जाता बघते, अशी तंबीही दिली. लेखिका सांगते की त्या दिवसानंतर तिनं शाळा चुकवायचा प्रयत्न केला नाही. आईचा आधार आहे हे तिला तेव्हा कळलं.

शाळा तीच, मास्तर तेच. बदललं काय? आपल्यामागे कोणीतरी उभं आहे, हे मुलीनं डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या मुलीच्या शाळेत जाऊन भांडा असं मी म्हणत नाही. तिची तक्रार काय आहे हेच अजून तुम्हाला नीट माहीत नाही. पण हा प्रसंग दोघींनी मिळून वाचा. पुस्तक मोठ्यांचं आहे, पुढे लग्न, संसार, चळवळ सगळं येतं, ते सगळं आत्ता तिला देऊ नका. तेवढीच पानं वाचा. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, 'तुला काय वाटतं, आईनं बरोबर केलं का?' मुलं 'काय शिकलीस' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देतात. या प्रश्नाला ती तुम्हाला सांगेल की तिच्यासाठी तुम्ही काय करावं आणि काय करू नये. माझ्या अनुभवात मुलं बहुतेक वेळा म्हणतात, 'तू येऊ नको शाळेत, पण ऐक.'

ऐकण्यावरून तुमच्या स्वतःसाठी एक पुस्तक. 'तोत्तोचान', जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणाची गोष्ट, मूळ १९८१ ची. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणली आहे. पहिलीतच शाळेनं काढून टाकलेली मुलगी. बाकाचं झाकण सारखं उघडझाप करायची, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारायची. आई तिला दुसऱ्या शाळेत नेते, तोमोए नावाच्या, जिथं वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी आईला घरी पाठवतात, मुलीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, सांग तुला काय सांगायचंय ते. ती चार तास बोलते. ते एकदाही जांभई देत नाहीत. शिक्षक-पालकांत हे पुस्तक फार आवडीचं आहे आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या मुलीला ते आत्ता देऊ नका, असं माझं मत. तोमोएसारखी शाळा वाचून तिला लातूरची शाळा आणखी नकोशी वाटेल. ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, हे शेवटी कळतं तेव्हा तर जास्तच. तुम्ही वाचा, आणि त्या चार तासांचं प्रकरण दोनदा वाचा. आपल्याला चार तास नाही जमत. स्वयंपाक, नोकरी असते. पण रविवारी संध्याकाळी, ती गप्प होते तेव्हा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास तर जमेल.

बाकीची नावं भराभर सांगते. 'श्यामची आई' मी सुचवण्याआधीच घरात असेल. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यातली शाळा म्हणजे आईच आहे. नव्या वर्गाच्या धास्तीला ते पुस्तक भिडत नाही. पु. लं.चे चितळे मास्तर आपल्याला हसवतात आणि गलबलून टाकतात, पण आजच्या आठवीच्या मुलांना ती शाळा परीकथेसारखी वाटते, कारण ती आपल्या पिढीची आठवण आहे. मुलीला नुसतं मजेत काही हवं असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही धावतो. पुण्याच्या विद्याभवनचा हा मुलगा शाळेत फारसा बसत नाही, पण 'ट्टॉक' करत निघाला की मराठी वाचायचा वेग आपोआप वाढतो. डोळ्याची सवय लावायला याहून चांगलं काही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' तिला नववीत द्या. माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर तिथं स्वतःच नवा विद्यार्थी असतो. मास्तरालाही पहिल्या दिवशी धाकधूक होते, हे मुलांना माहीत नसतं, आणि कळलं की त्यांचं वर्गाकडे बघणं बदलतं.

या सगळ्या यादीत मला एक गोष्ट नेहमी खटकते. यातलं जवळजवळ सगळं मोठं झाल्यावर आठवून लिहिलेलं आहे. बाकावर बसलेलं असतानाच मुलांनी लिहिलेलं फार कमी आहे. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या खेड्यातल्या आठ मुलांनी १९६७ मध्ये आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेलं पुस्तकभर पत्र मराठीत 'प्रिय बाई' म्हणून आलं आहे. शेतकऱ्या-कामगारांचीच पोरं का नापास होतात, हे त्यांनी हिशोब मांडून विचारलं आहे. आणि आपल्याकडे तर त्याच्याही शंभर वर्षं आधी मुक्ता साळवे होती. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. तुमच्या मुलीच्याच वयाची होती. मी हा निबंध दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, परिपाठात वाचायला लावते, आणि वाचणारी मुलगी प्रत्येक वेळी वेगळी निवडते. मागच्या वर्षी वाचणाऱ्या मुलीनं खाली उतरल्यावर विचारलं, 'बाई, हिचे मार्क कोणी दिले असतील?'

तुमच्या मुलीलाही एक कोरी वही द्या. कुलपाची नको, साधी शंभर पानी. आतलं तुम्ही वाचणार नाही, असं तिला सांगा आणि ते पाळा. तिला लातूरची भाषा चमत्कारिक वाटते, मुलांना तिची वाटते. एका पानावर वर्गात ऐकलेले नवे शब्द लिहायला सुचवा. लंपनसुद्धा तेच करतो, परक्या भाषेचे शब्द चाखत चाखत आपले करतो. आणि वर्गात एखादी मुलगी तिला तो शब्द समजावून देणारी निघाली, तर 'झोंबी'तल्या त्या हुशार मुलासारखी एक सोबत तिला लातूरमध्येही मिळेल.

पुस्तकं विकत घ्यायचीच असं नाही. लातूरच्या जिल्हा ग्रंथालयात मुलीला घेऊन जा, तिच्या नावानं सभासद व्हा आणि पावती तिच्या हातात द्या. यातली बहुतेक पुस्तकं तिथं मिळावीत. पहिल्या खेपेला 'वनवास' आणि एक फास्टर फेणे, एवढंच आणा. दुसऱ्या खेपेला तिला निवडू द्या, भले ती इंग्रजी आणेल. आठवडा-दोन आठवड्यांनी सकाळचं पोट दुखणं कमी झालं की वाढलं, ते इथं लिहा. त्यावरून पुढचं पुस्तक सांगते.